मागे माणूस मावता कामा नये

जुनी गाडी घ्यायला जाणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. कुणी बॉनेट उघडून आत वाकतं, कुणी टायरला लाथ घालून बघतं, कुणी गाडी किती चालली आहे ते विचारून मालकाच्या तोंडाकडे संशयाने पाहत राहतं. आमचे साडू हिंदुराव यातलं काहीच करत नाहीत. ते दार उघडतात, पुढची सीट पुढे ढकलतात, मागच्या जागेकडे बोट दाखवतात आणि मला म्हणतात, "पाव्हणं, बसा बघू आत." मी आत बसू शकलो, तर गाडी नापास.

मी सांगलीला विश्रामबागेत राहतो आणि एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. बांधा मध्यम. बायकोचं मत वेगळं आहे, पण ते इथे नको. माझी बायको सुनीता आणि हिंदुरावांची बायको मालन या सख्ख्या बहिणी. मालनआक्का थोरली. त्यामुळे हिंदुराव मला मानाने 'पाव्हणं' म्हणतात आणि हक्काने कुठल्याही फटीत कोंबतात.

उंब्रजवरून आत वळून थोडं गेलं की त्यांचं गाव लागतं. हिंदुराव फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. बर्फात, चिखलात, डोंगराच्या कडेवरून त्यांनी मोठमोठ्या गाड्या नेल्या. त्यांना कशाचा गर्व असेल तर तो ड्रायव्हिंगचा. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत असतो. गावी परतल्यावर ते ऊस बघू लागले आणि सात सीटची एक जीप घेतली. सात हा आकडा कंपनीचा. गावाने तो कधीच मान्य केला नाही.

कारण हिंदुरावांच्या तोंडात एकच वाक्य आहे. "जागा हाय की, या." रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबते आणि हे वाक्य बाहेर येतं. मागे लोक एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात, एकाचा पाय दाराबाहेर असतो, तरी जागा हाय की. एकदा ते कराडला केस कापायला म्हणून एकटेच निघाले. पोचले तेव्हा गाडीत एक बाळंतीण, तिची आई, एक आजारी शेळी, शेळीचा मालक आणि सोसायटीचे दोन माजी चेअरमन होते. बाळंतिणीला माहेरी पोचवलं, शेळीला डॉक्टरकडे, चेअरमनना तहसीलला. संध्याकाळी घरी आले ते वाढलेल्या केसांनिशीच.

या जीपमध्ये बसण्याचा एक क्रम आहे. ड्रायव्हरशेजारची सीट घरातल्या थोरल्या पुरुषाची. म्हणजे बहुतेक वेळा तात्यांची. तात्या हे हिंदुरावांचे चुलते. वय ऐंशीच्या पुढे, फेटा, काठी आणि आवाज अजून खणखणीत. मधल्या ओळीत बाकीचे पुरुष आणि जावई. त्यामागे आडव्या बाकांवर बायका, पोरं, पातेली, नारळाचं पोतं. मालनआक्का सगळ्यांच्या शेवटी, दाराशी, मांडीवर नैवेद्याचा डबा घेऊन. मालकीणबाई म्हणून तिला काही वेगळी सवलत नव्हती. उलट सगळे बसल्याशिवाय तिला चढता येत नसे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी जमलो होतो, तेव्हा हिंदुरावांनी फराळाचं ताट बाजूला सारून जाहीर केलं, "मला दुसरी गाडी घ्यायची हाय. जुनी का आसंना. पर स्पोर्ट गाडी. दोन सीटची."

पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाच्या हातातली चकली तशीच राहिली. तात्यांनी "काय म्हणला ह्यो?" असं दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की हिंदूअण्णाला म्हातारचळ लागला. मीही त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, लोकांचा त्रास होत असेल तर नाही म्हणायला शिका. त्यासाठी गाडी कशाला?"

"तोंडातनं निघत न्हाई वो," ते म्हणाले. "लय परयत्न केला. म्हणून म्हणतो, गाडीनंच न्हाई म्हणलं पायजे."

अशा रीतीने मी माप झालो.

पहिली गाडी विश्रामबागेतच होती, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लाल, बसकी, दोनच दारांची. विकणारा तरुण हुशार होता, पण त्याचं दुर्दैव असं की तो गाडीची स्तुती करत होता. "काका, दिसायला छोटी आहे, पण मागे दोन जण आरामात बसतात."

हिंदुरावांचा चेहरा पडला. "आरामात?"

"एकदम. लाँग टूरला जा."

"पाव्हणं, बसा."

मी आधी डोकं घातलं, मग एक खांदा, मग बाकीचं. गुडघे हनुवटीला लागले, मान छपराला. पण बसलो हे नाकारता येत नव्हतं. हिंदुरावांनी खिडकीतून मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुमी मावलात म्हंजे आमच्या गावची चार माणसं मावली. न्हाई जमणार." तरुणाला काही कळेना. तो म्हणाला, "काका, मागची सीट काढून देऊ का?" यावर हिंदुराव कळवळून म्हणाले, "सीट काढल्यावर तर धा जण बसतील की रं." मला बाहेर काढायला दोघांना माझे पाय ओढावे लागले. शर्टाचं एक बटण त्या गाडीतच राहिलं.

दुसरी गाडी साताऱ्याला एका कापड व्यापाऱ्याची. तिला खरोखर दोनच सीटा होत्या. मी खूश झालो. पण हिंदुरावांनी सीटांच्या मागे हात घातला. तिथे सामान ठेवायला एक रुंद फळी होती. त्यांनी ती वितीने मोजली. "हितं आमचा विलास बसंल," ते म्हणाले. विलास हा त्यांचा पुतण्या, चांगला दांडगा गडी. मी म्हटलं, "फळीवर कोण बसतंय?" त्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी आमच्या गावची जत्रा बघितलीया. सपाट जागा दिसली की आमचं माणूस बसतंय." व्यापाऱ्याने चहा मागवला होता, तो पिऊन आम्ही निघालो.

परतताना हायवेवर एका टपरीशी थांबलो. मी वैतागलो होतो. रविवार गेला होता आणि मान दुखत होती. मी म्हटलं, "दोघांपुरतंच वाहन हवं तर मोटरसायकल घ्या. तीही आहे दोन सीटची."

"तिच्यावर तिसरा बसतोय," हिंदुराव म्हणाले. "आनी त्यात बी ती मागंच की."

"ती कोण?"

हिंदुराव कपात बघत म्हणाले, "मालन."

ते एकदा बोलू लागले की मध्ये थांबवू नये.

"लगीन झालं आनी मी फौजंत. वर्साला एकदा सुट्टी. सुट्टीवर आलो की घर माणसांनी भरलेलं. पेन्शनीत आलो तवा म्हणलं, आता गाडी घ्यायची आनी हिला हिंडवायची. हिंडवली की. जेजुरी झाली, तुळजापूर झालं. पर ती कायम मागं. मी हिला गाडीत आरशातच बघितलंया, पाव्हणं. मधी धा टकुरी."

"मग पुढे बसवा की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तात्यांना कॅरिअरवर बांधा असं मी सुचवलं होतं. "आनी तात्या मागं? गावात तोंड दाखवू नगं का मी?"

मग ते म्हणाले, "शेजारी बसवायची आनी निवांत सांगलीला तुमच्याकडं यायचं. दोघंच. बोलत बोलत. येवढंच हाय बगा."

"काय बोलणार आहात?"

"त्ये ठावं असतं तर घरीच बोललो नसतो व्हय?"

त्यांनी मला शपथ घातली. मालनआक्काला सांगायचं नाही, सुनीताला तर मुळीच नाही. माझं वैतागणं तिथेच संपलं. पुढचे कित्येक रविवार मी तक्रार न करता फटींमध्ये शिरलो. कोल्हापूरची एक गाडी माझ्यामुळे नापास झाली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली आणि दोन दिवस मी भात कमी खाल्ला.

अखेर शिरवळला गाडी मिळाली. तिथल्या एका कारखान्यात साहेब होते, त्यांची बदली झाली होती. गाडी राखाडी, बसकी, टप उघडणारी. दोन सीटा आणि त्यांच्या पाठीला लागून थेट पत्रा. मी प्रयत्न केला. माझी पिशवीसुद्धा मावली नाही. डिकी उघडली तर तीत घडी केलेला टप होता. हिंदुराव गाडीभोवती एक फेरी मारून आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचित पाहिला होता.

साहेब इंजिनाचं सांगू लागले, पिकअपचं सांगू लागले. हिंदुरावांनी ते सगळं आदराने ऐकलं आणि विचारलं, "हॉर्न वाजतोय न्हवं?" साहेबांनी थोडं दुखावून विचारलं, "मुलासाठी घेताय का?"

"न्हाई. मंडळींसाठी."

साहेब किल्ली देताना म्हणाले, "चांगली आहे हो. जपा तिला." ते गाडीविषयी बोलत होते, पण हिंदुरावांनी मान अशी डोलावली की मला शंका आली.

कागदपत्रं पुरी होऊन गाडी आणायला आम्ही जीपने गेलो होतो. निघताना मी सवयीने स्पोर्ट गाडीचं डावं दार उघडलं. हिंदुरावांनी ते हळूच लावलं. "तुमी जीप घिऊन या मागनं. हिच्यात पैली ती बसणार." तेव्हा ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही खंबाटकी चढलो. ताशी दोनशे पळणारी ती गाडी हिंदुरावांनी चाळिसावर ठेवली. उसाच्या ट्रॉलीने आम्हाला मागे टाकलं. उंब्रजला वळल्यावर लोकांनी जीप ओळखून हात केले. मलाही नाही म्हणता आलं नाही. गावात शिरलो तेव्हा माझ्या मागे आठ-नऊ जण होते आणि पुढे हिंदुराव एकटे, टप उघडा टाकून.

त्या आधीच्या रात्री सुनीताला आक्काचा फोन आला होता. सुनीताने तो मला ऐकवला. "ह्यांचं काय खरं न्हाई बघ. दोन सीटची गाडी आणत्यात. एक ह्यांची, एक तात्यांची. मी आपली जीपनंच." ती हसत होती. मला ते ऐकून चर्र झालं. आम्ही दोघे शहाणे महिनोन्‌महिने मागची सीट मोजत होतो आणि पुढची कुणाची हे आम्ही विचारातच घेतलं नव्हतं. हिंदुरावांना हे सांगायचा धीर मला झाला नाही.

पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, आक्काने गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं. हिंदुराव तिला काहीतरी सांगायला पुढे झाले, एवढ्यात काठीचा आवाज आला. तात्या धुतलेलं धोतर, नवा फेटा अशा थाटात आले आणि त्यांनी डावं दार उघडलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ती सीट त्यांचीच होती. त्यांना त्या बसक्या सीटवर उतरवायला दोघे लागले. खाली टेकल्यावर त्यांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "लय खाली हाय रं. पर बरं हाय. चल, भैरोबाला जाऊन येऊ."

हिंदुरावांनी आक्काकडे पाहिलं. आक्का ताट घेऊन बाजूला झाली, गाडीला वाट मिळावी म्हणून. मी मनात म्हणत होतो, आता म्हणा, एकदाच म्हणा. पण ते म्हणाले, "व्हय तात्या."

परत आल्यावर दारात रांग लागली होती. एकेक जण बसून देवळापर्यंत जाऊन आला. सरपंच गेले, सोसायटीचे दोन्ही माजी चेअरमन गेले, विलास दोनदा गेला. मागे जागा नव्हती म्हणून लोकांचं काही अडलं नाही, त्यांनी फक्त फेऱ्या वाढवल्या. संध्याकाळपर्यंत गावातली आक्का सोडून बहुतेक माणसं त्या गाडीत बसून झाली. आक्का त्या सगळ्यांचा चहा करत होती.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. लग्न असो, बारसं असो, हिंदुराव आणि तात्या स्पोर्ट गाडीतून पुढे जायचे. मागून विलास जीप घेऊन यायचा, तीत शेवटच्या बाकावर आक्का. पूर्वी दोघं निदान एका गाडीत असायची. इस्लामपूरच्या एका लग्नात हिंदुराव मला मांडवाबाहेर भेटले. मी विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"आता आरशात बी दिसंना," ते म्हणाले आणि जेवायला आत गेले. मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी त्या दिवशी जिलेबीला हात लावला नाही.

मग एक दिवस सुनीता फोन ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "दाजींची नजर गेली म्हणे. दोन महिने झाले, आक्का आत्ता सांगतेय."

मी हादरलो. आम्ही लगेच गावी निघालो. पोचलो तर हिंदुराव ओट्यावर बसून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते. चष्म्याशिवाय. मला बघून त्यांनी बाटली खाली ठेवली आणि डोळे किलकिले केले. "कोण? पाव्हणं व्हय?"

आक्का काळजीत होती. "लांबचं दिसंना म्हणत्यात. गाडी चालवता येत न्हाई. विलासला म्हणलं दोन्ही गाड्या तूच बघ, तर त्यो म्हणतोय मी एका टायमाला दोन कशा चालवू. मग ह्येच म्हणलं, मालन, तू शीक."

"आणि तू शिकलीस?"

"पाटाच्या कडंच्या रस्त्यावर रोज नेत्यात. लायसन बी झालं." ती लाजली. "ह्ये शेजारी बसून सांगत्यात. पर एकदा बी ओरडलं न्हाईत बघ. मी बांधावर घातली तरी."

मी हिंदुरावांकडे पाहिलं. ते पलीकडच्या शेताकडे बघत होते. तिथे दूरवर उसात डुक्कर शिरलं होतं, ते त्यांनी माझ्या आधी पाहिलं आणि विलासला हाक मारली. ज्या माणसाने बर्फात गाड्या चालवल्या, त्याने गावाला आपण आंधळे होत चाललोय असं सांगितलं होतं. माझ्या ओळखीत एवढी मोठी गोष्ट कुणी कुणासाठी केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांकडे जावळ होतं. मालनआक्का पदर सावरून उजव्या सीटवर बसली. हिंदुराव दारापाशी उभे राहिले, मान खाली घालून. तात्या नेहमीप्रमाणे आले, त्यांनी डावं दार उघडलं आणि आत वाकून बघितलं. स्टिअरिंगवर सूनबाई. तिने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. तात्या तसेच वाकलेले राहिले. सुनेच्या मांडीला मांडी लावून, तिने चालवलेल्या गाडीतून गावातून जायचं, हे तात्यांच्या ऐंशी वर्षांत कधी झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. त्यांनी दार सोडलं, काठी आपटली आणि हिंदुरावांना म्हणाले, "तू बस हिच्याशेजारी. आमी जीपनं येतो." सरपंच आले, तेही जीपकडे वळले. सुनेच्या, वहिनीच्या, काकूच्या शेजारी बसायला गावातला एकही पुरुष तयार नव्हता. हिंदुराव डाव्या सीटवर उतरले. त्यांना उतरवायला कुणी लागलं नाही.

गेल्या महिन्यात ती दोघं आमच्याकडे आली. दोघंच. निघाल्याचा फोन सकाळी आला होता, आणि गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. आक्काने गाडी आमच्या फाटकासमोर थांबवली, जरा तिरकीच. इंजिन बंद झालं. मी फाटक उघडायला निघालो, तर सुनीताने माझा दंड धरला.

"थांबा. बोलत्यात ती."

काचेतून दिसत होतं. आक्का स्टिअरिंगवर हात ठेवून काहीतरी सांगत होती. हिंदुराव तिच्याकडे पूर्ण वळून बसले होते. आक्का मध्येच हसली, मग पदराने तोंड पुसून पुन्हा बोलू लागली. उंब्रजपासून सांगलीपर्यंतचा रस्ता त्यांना पुरला नव्हता.

आतून भाजीचा वास येत होता, ताटं वाढलेली होती. आम्ही दोघे पायरीवर बसलो आणि त्यांचं आटपायची वाट बघू लागलो.